इलेक्ट्रोने न्यूयॉर्कची लाइट घालवली, तर लाइटसोबत आणखी काय काय जातं?

परवा भाचा टीव्हीवर २०१४ सालचा स्पायडरमॅनचा सिनेमा बघत होता. त्यातला निळा, चमचमणारा इलेक्ट्रो अख्ख्या न्यूयॉर्कची वीज ताब्यात घेतो. इमारती विझतात, आकाशात दोन विमानं एकमेकांवर आपटायच्या बेतात येतात, हॉस्पिटलात धावपळ उडते. मग आपला नायक इलेक्ट्रोचा निकाल लावतो आणि शहर पुन्हा झगझगतं. भाच्याने विचारलं, "मामा, खरंच असं झालं तर लाइट इतक्या पटकन येईल?"

मी "नाही" म्हटलं आणि फसलो, कारण पुढचा तासभर "का नाही?" सुरू होतं. त्या तासाभराचंच हे लिखाण.

मुळात आपण मराठी माणसं "वीज गेली" असं फारसं म्हणतच नाही. "लाइट गेली" म्हणतो. मिक्सर थांबला तरी लाइट गेली, विहिरीवरची मोटर बंद पडली तरी लाइट गेली, भर दुपारी दोन वाजता जाते तीही लाइटच. त्यामुळे डोळ्यांपुढे येतो तो अंधार, आणि सिनेमावाल्यांनाही तोच हवा असतो. पण २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालची लाइट गेली ती स्पेनच्या घड्याळात दुपारी साडेबाराच्या सुमारास, लख्ख उन्हात. अंधार औषधाला नव्हता. तरी मेट्रो बोगद्यांत अडकल्या, कार्डं चालेनात आणि लोक बॅटरीवरचे रेडिओ शोधत दुकानं पालथी घालत होते. अंधार हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त भाग. तो मेणबत्तीने भागतो.

रथ आणि दोर

वीज म्हणजे टाकीत भरून ठेवलेलं पाणी नव्हे. तुमच्या डोक्यावरचा पंखा या क्षणी फिरतोय, तर त्याची वीज या क्षणीच कुठेतरी तयार होतेय. मोठ्या बॅटऱ्या आता आल्या आहेत, पण महानगराच्या भुकेपुढे त्या अजून ताटातल्या चटणीएवढ्याच.

वीजकेंद्रं, उपकेंद्रं आणि तारा यांचं एकमेकांना बांधलेलं जाळं म्हणजे ग्रिड. ग्रिडवरची मोठी जनित्रं एकाच तालात फिरतात. आपल्याकडे हा ताल सेकंदाला ५०, अमेरिकेत ६०. याच तालाला फ्रिक्वेन्सी म्हणतात.

जत्रेतला रथ आठवा. दोनशे माणसं दोराला लागली आहेत, सगळ्यांचं पाऊल एक. चढ लागला की पाऊल मंदावतं. तसं विजेची मागणी वाढली की फ्रिक्वेन्सी उतरते. सगळ्यांनी जरा जोर केला की पुन्हा ताल लागतो. पण मधल्या चाळीस जणांनी एकदम दोर सोडला तर उरलेल्यांवर अचानक ओझं येतं, त्यांचे हात सोलवटतात आणि तेही सोडून देतात. उलट, ऐन जोरात असताना दोरच तुटला तर पुढची फळी तोंडावर आपटते. ग्रिडचं अगदी असंच आहे. मागणी अचानक वाढली तरी पंचाईत, अचानक नाहीशी झाली तरी पंचाईत.

इलेक्ट्रो उपाशी राहणार

मूळ १९६४ च्या कॉमिकमध्ये इलेक्ट्रो हा चक्क वायरमन आहे. नाव मॅक्स डिलन. तारांवर काम करत असताना त्याच्यावर वीज कोसळते आणि त्याला शक्ती मिळते. सिनेमावाल्यांनी त्याला कंपनीतला इंजिनिअर केलं आणि विजेच्या ईल माशांच्या हौदात पाडलं. मला वायरमनच जास्त पटतो. त्याला निदान आपण कशाला हात लावतोय हे माहीत असणार.

न्यूयॉर्क शहर आणि लगतचा वेस्टचेस्टर परगणा यांची मागणी जुलै २०१३ च्या उकाड्यात १३,००० मेगावॅटच्या वर गेली होती. मुंबईची ऐन उन्हाळ्यातली मागणी ४,००० च्या आसपास असते, म्हणजे तीन मुंबया. एवढी वीज एका देहात शिरली तर किती उष्णता होईल? आपल्याकडे उन्हाळ्यात गावोगावी फिरतो तो १०,००० लिटरचा पाण्याचा टँकर दोन सेकंदांत कोरडा होईल, सगळं पाणी वाफ होऊन. पण शक्ती असलेल्या माणसाला ते सोसतं, असं आपण धरून चालू. गोष्टीला एवढी सूट द्यावीच लागते.

गोष्ट अडते ती पुढे. घरात गिझर, इस्त्री आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की एमसीबी पडतो ना? ग्रिडवर त्याचा थोरला भाऊ असतो, रिले. रिले म्हणजे पहारेकरी. तारेतून किती करंट वाहतोय यावर त्याची नजर असते आणि मर्यादा ओलांडली की तो ब्रेकरला हुकूम देतो, तोड. इलेक्ट्रोने मोठ्या लाइनला हात घातला की रिलेच्या लेखी तो खलनायक वगैरे काही नाही, तो शॉर्टसर्किट. तारेवर पडलेली फांदी आणि इलेक्ट्रो यांत रिले भेदभाव करत नाही. साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात लाइन तुटते. पापणी लवायलाही कधीकधी याहून जास्त वेळ लागतो. मग आमचा खलनायक मेलेली तार हातात धरून उभा.

"मग तर लाइट जाणारच नाही," भाचा म्हणाला. जाईल की! इथेच खरी गंमत आहे. एक लाइन तुटली की तिचा भार शेजारच्या लाइनींवर येतो. त्या आधीच भरलेल्या असतील तर त्यांचे रिलेही तोच न्याय लावतात. प्रत्येक रिले आपली तार वाचवतो आणि सगळे मिळून शहर अंधारात घालतात.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. ९ नोव्हेंबर १९६५ च्या संध्याकाळी कॅनडातल्या ओंटॅरिओ प्रांतातल्या एका जलविद्युत केंद्रावर एका रिलेची मर्यादा गरजेपेक्षा कमी लावलेली होती. तो पडला, आणि बघता बघता न्यूयॉर्कसकट जवळपास ३ कोटी लोकांची लाइट गेली. पुढे १४ ऑगस्ट २००३ ला सुरुवात झाली ओहायो राज्यात. तिथल्या एका वीज कंपनीच्या कंट्रोल रूममधली धोक्याचे इशारे देणारी संगणक प्रणाली गुपचूप बंद पडली होती आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. भाराने तापलेल्या तारांना झोळ पडला, त्या न छाटलेल्या झाडांना टेकल्या आणि एकेक लाइन पडत गेली. शेवटचा कोसळा अवघ्या काही मिनिटांचा. २६५ वीजकेंद्रांतली पाचशेहून जास्त जनित्रं बंद झाली आणि ५ कोटी लोक विजेविना राहिले. ना इलेक्ट्रो, ना बॉम्ब. एक गप्प पडलेला संगणक आणि काही झाडं.

पाणी सहाव्या मजल्यापर्यंत

लाइट गेल्यावर पहिला तास तसा मजेचाच असतो. लोक गॅलरीत येतात, शेजाऱ्याचं नाव कळतं. हाल सुरू होतात ते पाण्यापासून.

न्यूयॉर्क याबाबतीत नशीबवान. त्याचं पाणी उत्तरेकडच्या डोंगरातल्या जलाशयांतून उतारानेच शहरात येतं आणि साधारण सहाव्या मजल्यापर्यंत पंपाशिवाय चढतं. त्यावर मात्र पंप. म्हणजे चाळीस मजल्यांच्या टॉवरमध्ये सहाव्यावरच्याला आंघोळ आणि सातव्यावरच्याला बादली. ओहायोतल्या क्लीव्हलंड शहराचं नशीब एवढं बरं नव्हतं. तिथे पाणी पंपानेच चढवावं लागतं, त्यामुळे २००३ मध्ये नळ कोरडे पडले आणि पाणी आलं तेही उकळून प्या, असं सांगावं लागलं. आणि पाणी आलं तरी जाणार कुठे? सांडपाणीही पंपानेच पुढे ढकलतात. त्या रात्री न्यूयॉर्कचं मैलापाणी प्रक्रियेविना नद्यांमध्ये गेलं आणि समुद्रकिनारे बंद ठेवावे लागले. खलनायकाच्या सिनेमात संडास कधी तुंबलेला दाखवत नाहीत.

तिथल्या भुयारी रेल्वेचं तर आणखी एक गुपित आहे. पाऊस नसतानाही तिच्या बोगद्यांतून रोज जवळपास ५ कोटी लिटर पाणी उपसून बाहेर टाकावं लागतं. गाडी बंद असली तरी झिरपणारं पाणी बंद होत नाही. २००३ मध्ये या गाड्यांमधून चार लाखांच्या आसपास माणसं उतरवून बाहेर काढावी लागली होती.

लिफ्टबद्दल मात्र दिलासा. लाइट गेली की लिफ्ट खाली कोसळत नाही. तिचा ब्रेक वीज असताना उघडा राहतो आणि वीज गेली की स्प्रिंगच्या जोरावर आवळला जातो. अडकाल, पण पडणार नाही.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची लाइट गेली, तेव्हा मी ठाण्यात अकराव्या मजल्यावर होतो. लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या, लोक रुळांतून चालत होते, विद्यापीठाच्या परीक्षा पुढे गेल्या. हे सगळं नंतर बातम्यांत कळलं. मला आठवतो तो आमच्या सोसायटीचा जनरेटर. धडधडत सुरू झाला आणि वीस मिनिटांत आचके देऊन बंद. डिझेल संपलेलं. लॉकडाउनमध्ये कुणी भरलंच नव्हतं. चौथ्या मजल्यावरच्या काकांना कोविडनंतर घरी ऑक्सिजनचं मशीन लावलेलं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी आपली इन्व्हर्टरची बॅटरी काढली आणि आम्ही चौघं ती जिन्याने वर घेऊन गेलो. ती बॅटरी किती जड असते, हे मला त्या दिवशी कळलं. काकू दारात उभ्या होत्या. त्या "हळू, हळू" एवढंच म्हणत होत्या, आम्हाला की मशीनला, कोण जाणे.

"हॉस्पिटलला जनरेटर असतोच ना?"

असतो. अमेरिकेत नियमच आहे की अत्यावश्यक विभागांची पर्यायी वीज दहा सेकंदांच्या आत सुरू व्हावी. पण जनरेटर म्हणजे एक यंत्र, एक टाकी आणि त्या दोघांमधला एक पंप. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाचं पाणी न्यूयॉर्कमध्ये शिरलं तेव्हा बेलव्ह्यू हॉस्पिटलचे जनरेटर तेराव्या मजल्यावर सुखरूप होते. त्यांना तेल पाठवणारे पंप मात्र तळघरात बुडाले. कर्मचाऱ्यांनी जिन्यात साखळी करून हातोहात इंधन वर चढवलं. शेवटी हॉस्पिटल रिकामं करावंच लागलं.

आणि हॉस्पिटलात नसलेल्यांचं काय? २००३ च्या घटनेचे अधिकृत बळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. नंतर संशोधकांनी न्यूयॉर्कच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्या दिवसांत नेहमीपेक्षा सुमारे ९० मृत्यू जास्त झालेले दिसले. उकाडा, जिने चढण्याचा ताण, घरी चालणारी यंत्रं, वेळेवर न मिळालेली मदत. ही माणसं कुणी मारलेली नव्हती, म्हणून ती कुठल्या खलनायकाच्या खाती जमा होत नाहीत. चौथ्या मजल्यावरचे काका त्या दिवशी या यादीच्या फार जवळून गेले.

विमानं आणि लुटालूट

विमानांचं एका परिच्छेदात उरकतो, कारण तिथे सिनेमाने सर्वांत जास्त थाप मारली आहे. हवाई नियंत्रण केंद्रांना स्वतःच्या बॅटऱ्या आणि जनरेटर असतात. प्रवासी विमानांत टक्कर टाळणारं यंत्र असतं. दोन विमानांची यंत्रं आपसात बोलून एकाला "वर जा", दुसऱ्याला "खाली जा" सांगतात. त्यात जमिनीवरच्या विजेचा संबंध नाही. २००३ मध्ये उड्डाणं खोळंबली ती टर्मिनल आणि सामान तपासणी बंद पडल्यामुळे. आकाशात कुणी कुणावर धडकलं नाही.

लुटालुटीचं मात्र गंभीरपणे घ्यायला हवं, कारण तिथे इतिहास दोन्ही बाजूंनी साक्ष देतो. १३ जुलै १९७७ च्या रात्री न्यूयॉर्कची लाइट तारांवर वीज कोसळल्यामुळे गेली. त्या रात्री सोळाशेहून जास्त दुकानं फुटली, हजारावर आगी लागल्या, तीन हजार सातशेच्या वर लोकांना अटक झाली. २००३ मध्ये त्याच शहरात लोक ब्रुकलिन ब्रिजवरून निमूट चालत घरी गेले आणि दुकानदारांनी वितळणारं आइस्क्रीम वाटून टाकलं. लाइट दोन्ही वेळा सारखीच गेलेली होती. १९७७ मध्ये शहराची तिजोरी रिकामी होती, बेकारी होती, पोलिसांची कपात झालेली होती, आणि लाइट गेली ती रात्री साडेनऊनंतर. २००३ मध्ये गेली दुपारी चारनंतर, उजेड असताना. अंधाराने माणसं बिघडत नाहीत. जे आधीच उकळत असतं त्यावरचं झाकण तो काढतो, असं माझं मत.

२००३ आणि आज यांत मात्र एक मोठा फरक पडला आहे. तेव्हा तांब्याच्या तारेवरचे जुने लँडलाइन फोन चालत होते, कारण त्यांना वीज एक्स्चेंजमधून येते. खिशात नोटा असायच्या. आज टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरल्या की फोन मुका आणि पाकीटही मुकं. यूपीआयवर वडापाव घेणाऱ्यांनी याचा विचार आपल्यापुरता करावा.

खलनायक पकडला. आता बटण दाबा की!

भाच्याचा मूळ प्रश्न इथे येतो. इलेक्ट्रो संपला, मग लाइट लगेच का येत नाही?

कारण वीज बनवायलाच वीज लागते. औष्णिक केंद्रात पाण्याचे पंप, हवेचे पंखे, कोळसा दळणाऱ्या चक्क्या आधी फिराव्या लागतात, मग बॉयलर तापतो. ग्रिड पूर्ण मेलं असेल तर ही पहिली वीज आणायची कुठून? बाहेरून वीज न घेता केंद्र सुरू करणं, याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात. ते सगळ्यांत सोपं जातं जलविद्युत केंद्रांना. दार उघडलं, पाणी आलं, चाक फिरलं. २००३ मध्ये नायगारा आणि सेंट लॉरेन्स नदीवरची केंद्रं तगून राहिली होती. त्यांच्याच आधाराने न्यूयॉर्क राज्य पुन्हा उभं करत आणलं.

पुढचं काम चुलीसारखं. विझलेल्या चुलीत कुणी ओंडका घालत नाही. आधी काटक्या, मग फांद्या, मग लाकूड. एक छोटं केंद्र चालू करायचं, त्याच्या जोडीला तेवढाच भाग जोडायचा, ताल स्थिर झाला की दुसरं केंद्र. घाई केली तर चूल पुन्हा विझते.

घाई करतो कोण? आपण. लाइट गेल्यावर फ्रिज तापलेला असतो, एसीचं बटण चालूच राहिलेलं असतं. त्यामुळे लाइट येते तेव्हा अख्ख्या गल्लीची यंत्रं एकदम भूक लागल्यासारखी तुटून पडतात आणि भार नेहमीपेक्षा जास्त येतो. "आली!" म्हणून पोरं ओरडतात, ट्यूब दोनदा मिचकावते आणि डीपी पुन्हा जाते. हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. न्यूयॉर्कला २००३ मध्ये शेवटच्या घरापर्यंत लाइट पोचायला सुमारे २९ तास लागले, तेही यंत्रं शाबूत असताना. रिलेंनी तारा आणि रोहित्रं वाचवली, म्हणून २९ तास.

आणि रोहित्रंच जाळली तर?

भाच्याला हाच प्रश्न सर्वांत आवडला. इलेक्ट्रोला रिले चुकवता आले आणि त्याने उपकेंद्रांतली मोठी रोहित्रं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, भाजून काढली, तर हिशोब तासांचा राहत नाही. असं एक रोहित्र शेकडो टन वजनाचं असू शकतं. दुकानात तयार मिळत नाही, मागणीनुसार बनवतात, आणि वर्ष-दोन वर्षं, हल्ली त्याहूनही जास्त थांबावं लागतं. एप्रिल २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळच्या मेटकाफ उपकेंद्रावर अज्ञातांनी बंदुकांनी गोळ्या झाडून १७ रोहित्रं निकामी केली. वीज दुसऱ्या वाटांनी फिरवली म्हणून मोठा ब्लॅकआउट टळला, पण दुरुस्तीला जवळपास महिना गेला. त्यासाठी निळं अंग लागलं नाही.

"आमच्या छतावर सोलर आहे!"

हे भाचा नाही, त्याचे बाबा म्हणाले, मोबाइलमधून डोकं वर न काढता. सबसिडीत नुकतंच बसवलंय. त्यांना सांगावं लागलं की ग्रिडला जोडलेलं साधं सोलर ग्रिडची लाइट गेली की स्वतःहून बंद होतं. डोक्यावर रणरणतं ऊन असलं तरी. बॅटरी आणि त्यासाठीचा वेगळा इन्व्हर्टर घेतला असेल तरच घर चालतं.

"हा कसला न्याय? माझं पॅनल, माझं ऊन!"

न्याय वायरमनचा. बाहेर खांबावर तो तार मेलेली आहे असं समजून चढलेला असतो आणि तुमच्या छतावरची वीज उलट्या वाटेने त्याच तारेत येऊ शकते. म्हणून तर खांबावर चढण्याआधी परमिट घ्यायचं, लाइन मेलीय हे तपासायचं, अर्थिंग करायचं आणि मगच हात लावायचा. मॅक्स डिलनला हे पाठ असणार.

भाचा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे शेवटी स्पायडरमॅन निघून गेल्यावर ते लोक येतात."

"हो. आणि २९ तास खांबावर असतात."